रणगाड्याचे बूट

ग्लाफिरा सव्विश्नाची खुर्ची संग्रहालयाच्या अंगणाच्या दारात असे. पायांत जाड लोकरी नमद्याचे बूट, खांद्यावर शाल, मांडीवर विणकाम. पगार मिळे तो पोरांना रणगाड्यांवर चढू न देण्याचा. पण कुणी एखाद्या गाडीपुढे घोटाळलं, की ती सुया बाजूला ठेवी.

"पाटी राहू द्या, वरचा फिरता बुरूज बघा. सहा कडा आहेत ना? म्हणजे बेचाळीसपासूनचा. आणि ती पलीकडची, बुरूजच नसलेली, तिला रणगाडा म्हणू नका. रुसते."

हे तिला ठाऊक असायचं कारण साधं होतं. महायुद्धात, बेचाळीसच्या हिवाळ्यात, सोळाव्या वर्षी, ती याच शहरातल्या कारखान्यात रणगाड्यांचे सांधे वेल्ड करत होती. तिच्या पाळीतल्या बाविसांपैकी आता शहरात ती एकटीच उरली होती.

एप्रिलच्या एका शनिवारी संचालक वादिम रोस्तिस्लाविच जाडं पुस्तक घेऊन अंगणात आले. वय बत्तीस, टाय कायम घट्ट.

"ग्लाफिरा सव्विश्ना, हा टी-चौतीस रणगाडा मंगळवारी जाणार. दुसऱ्या शहराला देतोय, बदल्यात नवी गाडी येईल. हा आपल्या कारखान्याचा नाहीच."

"कोण म्हणतं?"

"चाकं म्हणतात. चाकांना रबर आहे. त्या हिवाळ्यात आपल्याकडे रबर संपलं होतं, कडा पोलादी असायच्या. पुस्तकात आहे."

"पुस्तकाचं बरोबर आहे. पण चाकं म्हणजे याचे बूट! सत्तर साली मिरवणुकीत डांबर फुटू नये म्हणून बदलले. माणूस काय बुटांवरून ओळखता तुम्ही?"

"कागद आहे का?"

"कागद नाही. मी आहे."

"तुम्ही कागद नव्हे, ग्लाफिरा सव्विश्ना," ते म्हणाले, अगदी सौम्यपणे. तेच तिला जास्त झोंबलं.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या सकाळी ती रॉकेलची बाटली आणि बोथट सुरी घेऊन हजर झाली. तिकीटवाल्या रिम्माने फाटक उघडलं खरं, पण तोंड चालूच होतं.

"अगं बाई, नोकरी जाईल तुझी! वस्तूला हात लावायचा नाही, हे तूच जगाला सांगतेस ना?"

"जगाला सांगते. मी त्याला आधी हात लावलाय. तू चहा ठेव."

दर मे महिन्यात विजयदिनाआधी रणगाड्याला रंग लागे, जुन्यावरच नवा. चाळीस वर्षांचा थर. मागच्या पोलादी पत्र्याच्या सांध्याशी ती करपलेलं पातेलं घासायला बसावं तशी बसली. गडद हिरवा गेला, त्याखाली एका वर्षीचा पोपटी निघाला. दुकानात तेवढाच मिळाला होता. दुपारपर्यंत बोटं सोलली. मग पोलादात ठोकलेला एक आकडा दिसला, घराच्या आकाराच्या चौकटीत: एकोणीस.

सांधा उकलला तर कुणाला धरायचं ते कळावं, म्हणून कारखाना प्रत्येकीला आपल्या खुणेच्या चौकटीत आकडा कोरलेला पोलादी ठसा देई. तिचा सत्तेचाळीस. युद्ध संपल्यावर तो परत करायचा होता. तिने केला नव्हता. तिने शालीच्या गाठीतून तो काढला आणि शेजारी धरला. तेच घर, तेच तिरकं छप्पर.

"तुझा नाही तर," रिम्मा हिरमुसली.

"माझा नाही. आमचा आहे."

संचालक मंगळवारी ट्रेलरबरोबरच आले. खरवडलेला पत्रा बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला. तिने ठसा त्यांच्या हातात दिला. ते वाकले. त्यांनी ठसा पत्र्यावरच्या एकोणीसशेजारी धरून पाहिला. मग उठून ट्रेलरवाल्याला म्हणाले, "जा तुम्ही. हा इथेच राहतोय."

ट्रेलर वळून गेला, तेव्हा त्यांना आपण संचालक असल्याचं आठवलं. "पण वस्तूची नासधूस झालीच आहे. लेखी खुलासा द्यावा लागेल. झाल्या प्रकाराबद्दल खेद आहे, असं लिहा."

तिने खुर्चीवर बसून, मांडीवर कागद घेऊन लिहिलं: 'रंग मी खरवडला. खेद नाही. यंदा रंगवताना एवढी जागा मोकळी ठेवावी. त्या बिनबुरुजाच्या गाडीची पाटीही चुकीची आहे. पुढच्या सोमवारी मला रॉकेल संग्रहालयाने द्यावं.'

खाली सही केली, आणि सहीशेजारी ठसा दाबून उठवला.