मामंजींच्या डब्यांतले चिनी गुलाब

माझं अक्षर किरटं आहे आणि चौथीनंतर लिहिण्याचा सराव सुटला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील, त्याची माफी असावी. माझे सासरे, मामंजी, गेले त्याला सव्वा महिना झाला. घरात सगळे त्यांच्याविषयी बोलतात. मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मामंजी रत्नागिरीच्या बंदरावर कारकून होते. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी चिनी गुलाबाचा नाद धरला. रॉकेलचे डबे आडवे कापून ओटीच्या कडेला मांडायचे, त्यांत वाळू आणि जांभ्या दगडाचा चुरा. बी खसखशीहून बारीक. ते वर नुसतं भुरभुरायचं, मातीआड करायचं नाही, त्याला उजेड लागतो. पानं सुईसारखी, पाण्यानं फुगलेली. दहाच्या उन्हात फुलं उघडत, दुपारी मिटत. हे सारं मी माजघराच्या दाराआडून शिकले. सासऱ्यांसमोर उभं राहून बोलायची आमच्याकडे रीत नव्हती, आणि मला धीरही नव्हता.

पावसाळ्यात रोपं कुजत, म्हणून बी राखून ठेवावं लागे. गेल्या वैशाखात मामंजींचा दमा बळावला. त्यांनी बियांची पुडी उंबऱ्यावर ठेवली. "सूनबाई, एवढं सांभाळ." माझ्या माहेरी, पावसला, पडवळाचं आणि काकडीचं बी ठेवतात तसं मी ते ठेवलं... राखेत, शेणात कालवून चुलीमागच्या भिंतीला थापलं. कीड लागू नये म्हणून.

कार्तिकात त्यांनी पुडी मागितली. मी ती शेणाची चकती भिंतीवरून खरवडून पुढे ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "विचारायला तोंड नव्हतं होय गो तुला?" मामंजींनी चकती तळहातावर फिरवून पाहिली. "असू दे. चुरून पेरू."

आठ दिवसांत हिरवं दिसलं. मामंजी सासूबाईंना म्हणाले, "बघ, आले माझे गुलाब. उगाच बोललीस तिला." पण पुढची पानं फुटली आणि मी ओळखलं. चपटी होती. ती घोळीची भाजी, शेणातून आलेली. लहानपणी मी ती ओटीभर खुडली आहे. मामंजींना मोतीबिंदू, दिसत नसावं. रोज दहाच्या सुमारास ते उशीला टेकून कळीची वाट बघत बसत. दम वाढत चालला होता. आज सांगायचंच, असं मी रोज ठरवी... दारापर्यंत जाई आणि परत फिरे.

एका सकाळी मी पेज ठेवायला गेले. सासूबाई विहिरीवर होत्या. मामंजी हळूच म्हणाले, "सूनबाई, घोळ कोवळी आहे तोवर खुडून टाक. हिला कळायच्या आत." आणि हसले. हसता हसता खोकले. म्हणजे त्यांना पहिल्यापासून... मला 'चुकले' एवढंच म्हणायचं होतं. मी पेज ठेवली आणि दाराआड गेले. संध्याकाळी ते गेले.

घोळ मी खुडली नाही. पाणी घालते. काल दहाच्या सुमारास तिच्यावर फूल उघडलं, पिवळं, मोहरीच्या फुलाहून लहान. मामंजी असते तर सांगितलं असतं, असं वाटलं. पण नसतं सांगता आलं... दुपारी ते मिटेपर्यंत मी दाराआड उभी होते.