अळंबीच्या खोलीतलं विष

तो दिवस आठवला की आजही माझी चिडचिड होते, आणि त्यातली निम्मी स्वतःवरच असते.

लातूर जिल्हा नवा झाला होता. निलंग्याकडच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. जुन्या फायली अजून उस्मानाबादेतच होत्या, आणि दुष्काळामुळे दर दुसरी तक्रार हापशावरच्या भांडणाची. अशात गावातल्या एक शिक्षिका अर्ज घेऊन आल्या : ‘माझ्या अळंबीवर विषप्रयोग झाला आहे.’

अळंबी म्हणजे काय हेच हवालदाराला कळेना. बाईंनी समजावलं : खायची भूछत्रंच ती. गव्हाच्या ओल्या काडाच्या पिशव्या बंद खोलीत टांगायच्या, भिंतींना भिजलेली पोती लावायची, हवा खेळावी म्हणून जमिनीलगत आणि छताजवळ झरोके ठेवायचे. तापमापकावरचा पारा त्या शाळेत जाण्याआधी आणि आल्यावर वहीत लिहीत.

“पारा बरोबर, ओल बरोबर,” त्या म्हणाल्या. “तरी देठ लांबतात, छत्र्या करंगळीएवढ्या राहतात आणि सगळं कुजतं. विष नाही तर काय?”

संशय शेजाऱ्यावर. हापशावर तो चारचौघांत म्हणाला होता, “माणसाला प्यायला पानी न्हाई अन् ही भिंतीला पाजून राहिली.” त्यात चहावाल्यानं खबर दिली की हा माणूस पोतं घेऊन बाईंच्या मागच्या भिंतीशी जातो. मला एवढं पुरलं. जागा न बघताच सकाळी भर गावातून त्याला जीपमध्ये घालून आणलं.

“मागं गेला होतास?”

“हाव, गेलतो.”

“कशाला?”

तीन तास हेच चाललं. मी दरडावलं, हवालदारानं टेबल आपटलं. तो भिंतीकडं बघत बसला. अखेर मी म्हणालो, “विष घातल्याचा गुन्हा दाखल करतो.” तेव्हा तो ताडकन उठला.

“इष कसलं, साहेब? बाई टाकून देते ते काड मी पोत्यात भरून नेतो. कडबा संपला. माझी गाय तेच खाऊन जगून राहिली. इष असतं तर ती मेली नसती का?”

“मग सकाळीच का नाही सांगितलंस?”

“हापशावर तिला बोललो अन् तिचाच उकिरडा चाळतो, हे कसं सांगू?”

आता मला जागा बघायची बुद्धी झाली. टळटळीत दुपार होती, बाई शाळेत. त्यांच्या सासऱ्यांनी दार उघडलं. आत गारवा होता, पण हवा अशी कोंदट की हवालदार दोन मिनिटांत बाहेर पळाला. मी वाकून पाहिलं. सगळ्या झरोक्यांत चिंध्या कोंबलेल्या.

“हे कुणी केलं?”

“म्याच की,” म्हातारबुवा अभिमानानं म्हणाले. “बाहीर झळा किती! सून साळंत गेली की बुजवतो. यायच्या आधी काढतो, न्हाईतर वरडती.”

मी कपाळाला हात लावला. शाळा सुटल्यावर बाई आल्या, चिंध्या पाहून एकेक ओढून काढू लागल्या. “मामा, माणसासारखा अळंबीलाही श्वास लागतो हो!” दिवसभर झळा आतच येत नसत, म्हणून वहीतला पारा बरोबर असायचा, हेही आता उघड झालं.

एकानं लाजेपोटी तोंड मिटलं, दुसऱ्यानं सुनेच्या धाकानं. त्यांच्यावर मी चिडलो खरा, पण त्या झरोक्यांपर्यंत सकाळीच जायला मला कुणी अडवलं होतं? तेव्हापासून जागा पाहिल्याशिवाय मी कुणालाही ठाण्यात आणलं नाही. पंचनाम्याला कंटाळणाऱ्या अधिकाऱ्यानं माणसं तपासू नयेत, एवढंच मी पुढं नव्या पोरांना शिकवलं.

ठाण्याच्या डायरीत ‘चौकशीअंती सोडले’ लिहायला एक ओळ लागली. गावासाठी मात्र तो पोलिसांनी नेलेला माणूस होता. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो आणि आळीतले लोक जमल्यावर मोठ्यानं म्हणालो, “यांचा काही दोष नव्हता. चूक माझी झाली.”

तो गायीपुढं काड टाकत होता. बाईंनीच सकाळी पोतं भरून पाठवलं होतं. त्यानं वर पाहिलं नाही. “मला आनताना बी असंच मोठ्यानं आनलं होतं, साहेब,” तो म्हणाला, आणि गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.