तोडणीच्या वेळची बैठक

मखमलाबादच्या शिवारात झेंडूची तोडणी उजाडताच सुरू होते. ऊन चढले की फूल मलूल पडते आणि फुलबाजारात त्याला कोणी हात लावत नाही. नेमकी हीच वेळ सिंधुबाईंनी डोळे मिटून बसण्यासाठी धरली होती. पतीच्या निधनानंतर त्या इगतपुरीकडच्या एका मौनशिबिरात गेल्या आणि श्वासाकडे नुसते पाहत राहण्याची साधना घेऊन परतल्या. विहिरीपाशी पोते अंथरून त्या बसत. एकही दिवस चुकला नव्हता. या नेमाचा त्यांना अभिमान होता, आणि त्या अभिमानाकडेही पाहायचे असते हे कळण्याइतकी साधना अजून झाली नव्हती.

मुलगा धनराज ओझरच्या विमान कारखान्यात पाळीवर जाई. त्यामुळे त्या वेळी सून सरिता एकटीच वाफ्यात वाकलेली असे.

"आत्याबाई, देव भेटला का?" ती तिथूनच विचारी. "भेटला तर त्यालाबी पाटी देऊन पाठवा. लय फुलं राहिलीत."

उत्तर देणे नेमात बसत नसे.

नवरात्राच्या तोंडावर एके संध्याकाळी सरिताने भाकरी थापता थापता सांगून टाकले, "दसरा झाला का आम्ही ओझरला खोली करतो. तुमच्याशी बोलायला यावं, तर तुमचे डोळे मिटलेले."

एकुलता एक मुलगा; तो गेला म्हणजे घरात उरणार फक्त भिंती. दुसऱ्या सकाळी सिंधुबाई हट्टाने बसल्या. श्वास ठरेना. वाफ्यातून देठ तुटण्याचा आवाज येई आणि प्रत्येक आवाजासरशी छातीत संताप उसळे: पोरगा तोडतेय माझा. त्या उठल्या नाहीत. शिकवल्याप्रमाणे त्या संतापाकडेच पाहू लागल्या. तो गरम होता, घशाशी अडकलेला होता. बऱ्याच वेळाने तो निवळला, तेव्हा त्याखाली भीती सापडली. तिच्याही खाली जे होते, ते पाहणे जड गेले. बसायला दुपार मोकळी होती, संध्याकाळही होती. त्यांनी पहाट धरली होती ती सुनेच्या शेजारी एका सरीत उभे राहावे लागू नये म्हणून.

नेम अर्धवट टाकून त्या उठल्या आणि वाफ्यात जाऊन सरिताच्या हातातली पाटी घेतली.

"काय झालं? विंचू-बिंचू निघाला का?"

"नाय. तू बस तिथं. मी तोडते."

"मी? मला नाय येत डोळे मिटून बसणं."

"मला तरी कुठं येतंय! बस नुसती."

सरिता हसत जाऊन बसली आणि पाहता पाहता पोत्यावर कलंडली. गाढ झोपली. टेम्पो यायची वेळ झाली, तेव्हा सिंधुबाई तिला हलवायला वाकल्या. तोंड अर्धवट उघडे, गालाला पाकळी चिकटलेली, बोटांच्या भेगा हिरव्या-काळ्या पडलेल्या. या चेहऱ्याकडे काही कामाची अपेक्षा न ठेवता त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. श्वास येत होता, जात होता. त्या तो पाहत राहिल्या आणि पुढे केलेला हात मागे घेतला.

टेम्पोवाल्या राजूने हॉर्न वाजवला. "मावशी, आज मजुरी तुमच्याकडं का?"

"ओरडू नको. पोरगी निजलीय."

ऊन अंगावर आल्यावर सरिता दचकून उठली. "उठवलं का नाय मला? माल गेला?"

"गेला. थोडा राहिला, राहू दे." सिंधुबाईंनी कंबर धरून बसकण मारली. "खोली बघायला मीबी येते. मोरी आत असलेली घेऊ."

"रागानं बोलताय ना?"

"राग आला व्हता. सकाळी त्याच्यापाशीच बसले व्हते."

त्या दिवसापासून बैठक दुपारवर गेली. घराच्या पत्र्याखाली घाम ओघळे, माश्या बसत, डुलकी येई. सिंधुबाई पाठ ताठ करून पुन्हा श्वासाकडे वळत. पहाटे मात्र त्या सरिताच्या सरीत असत.

दसऱ्यानंतर दोघी ओझरला गेल्या. खोली रिकामी होती, चुन्याचा वास येत होता. सरिता ओटा कुठे, कॉट कुठे हे हाताने मापत होती. तिचा उजळलेला चेहरा पाहताना सिंधुबाईंच्या मनात तीच ओळखीची भीती पुन्हा आली. त्यांनी ती भीती येऊ दिली. मग त्या घरमालकाकडे वळल्या.

"पाणी किती वाजता येतं हो इथं?"