चटणीची वाटी

उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बायका वर्षाची तिखट चटणी डंकावर कांडून आणतात आणि बरणीत भरण्याआधी वाटीभर माझ्याकडे घेऊन येतात. मी वास घेऊन ती जमली की नाही ते सांगायचं.

यंदा दूध करपून पातेलं काळं झालं, तेव्हा मी ओट्याशीच भाजी चिरत उभी होते. नवऱ्याने डॉक्टरांकडे नेलं. मिरचीचा ठसका लागतो, मग नाक बिघडेल कसं, असं मी तिथेही भांडले. ते म्हणाले, ठसका वेगळा, वास वेगळा. नाकात दुर्बीण घालून झाली, स्कॅन झाला, कारण सापडलं नाही. "वास कधीपासून येत नाही?" डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता येईना.

घरी येऊन शेजारणीला विचारलं.

"गेल्या वर्सापास्नं," ती लगेच म्हणाली. "माझ्या चटणीत खोबरं खवट हुतं, तुम्ही झकास म्हटलासा की. वाईट वाटंल म्हणून गल्लीत कोण बोललं न्हाई."

मला काहीच वाटलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिने नेहमीसारखी वाटी आणली. मी हुंगून होकारार्थी मान हलवली. "बरं," ती म्हणाली आणि तीच वाटी घेऊन समोरच्या घरात गेली.