बलद म्हणजे गाव

सिराजभाईंइतका चिडखोर माणूस कुवेतमधल्या अख्ख्या शुवैखमध्ये दुसरा नाही. मी साबीर, सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर काढलीत, तेव्हा मला सांगायचा हक्क आहे. आमचं टायपिंगचं दुकान. लोकांचे अकाम्याचे, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचे अर्ज आम्ही अरबीत भरून देतो.

सिराजभाई दापोलीहून नवे आले तेव्हा मालकाने गिऱ्हाइकांच्या वहीत ‘बलद’ असा रकाना आखून दिला. बलद म्हणजे देश. यांना कुणीतरी सांगितलं, बलद म्हणजे गाव. तेही खोटं नाही, अरबीत दोन्ही चालतं. झालं! तेव्हापासून वहीत हर्णै, दाभोळ, मुरुड, आणि देश एकाचाही नाही. मालकाने शेवटी नाद सोडला.

फैसल मागच्या गॅरेजमधला मेकॅनिक. पॅलेस्टिनी, पण जन्म कुवेतचा. पासपोर्ट नाही, बापापासून चालत आलेला इजिप्तचा प्रवासाचा कागद. दोन हजार पंचवीसच्या सप्टेंबरात ब्रिटन, कॅनडा, फ्रान्सने पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि तो त्याच आठवड्यात दाढी करून दुकानात आला.

“अर्जात ‘कागद कुठल्या देशाचा’ विचारतात ना, तिथं यंदा पॅलेस्टाईन लिही.”

त्याचा अकामा दुसऱ्या दिवशी संपत होता. कैरोत बहीण आजारी. कागदाशी न जुळून अर्ज परत आला तर तिला भेटायला जाणं राहिलं.

मी म्हटलं, “अमेरिका अजून नाहीच म्हणतेय. आधी बोलणी, आधी सीमा ठरवा. आणि मान्यतेने गाझात पाव पोचतो का?”

“तू गप बस,” सिराजभाई माझ्यावर खेकसले. “तुला कुणी विचारलंय कधी, तुझा देश आहे की नाही?”

त्यांनी टाइप केलं, खोडलं. उठले, चहा आणला, न पिता ठेवला. परत बसले, परत खोडलं. शेवटी त्यांनी ‘इजिप्त’ लिहून अर्ज पाठवून दिला.

“सगळं जग लिहितंय,” फैसल म्हणाला, “तुझीच बोटं झडतात?”

सिराजभाईंनी सहीसाठी वही पुढे सरकवली. फैसल दरवर्षी घाईत सही करून जायचा. आज रागारागात त्याने ओळ वाचली. बलद: हमामा. मागची पानं उलटली. दर साली हमामा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हमामखाना म्हणून हसलो होतो, आता लाज वाटली.

“माझ्या बापाचं गाव,” तो म्हणाला. “ते आता नाही. अठ्ठेचाळीसच्या लढाईतच गेलं.”

“मला काय माहीत? मी बलद विचारलं, तू सांगितलंस.”

फैसलने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, “पुढे देशही लिही.”

सिराजभाईंनी पॅलेस्टाईन लिहिलं. सव्वीस वर्षांत त्या वहीत लिहिलेला तो पहिला देश. फैसल सही करून गेला.

त्या दिवशी सिराजभाई जेवले नाहीत. दर थोड्या वेळाने वही उघडून बघत होते, आणि मिटताना म्हणत होते, “पण अर्जात इजिप्तच गेलं रे.”