सात बोटं, एक सुई

रिकाम्या बरण्या आणि किस्से, दोन्ही टाकवत नाहीत! नेदरलँड्समधल्या नायमेखनला लेकाकडे येऊन मला तीन वर्षं झाली, तेवढ्यात कपाट भरलं. बरण्या सून मेधा रस्त्यावरच्या काच टाकायच्या डब्यात टाकून येते. किस्से मी सांगते, ती लिहून घेते.

*

इथल्या हाउसआर्ट्सकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, काहीही घेऊन जा, बाई पॅरासिटॅमॉलच देते. मी थकवा घेऊन गेले.

"कधी रक्त चढवलंय?"

"धाकट्याच्या बाळंतपणात. दोन बाटल्या."

"इंजेक्शनं?"

"गावात डॉक्टर एक, सुईही एकच!"

मेधानं ते इंग्रजीत सांगितलं. बाईनं रक्त तपासायला पाठवलं, पॅरासिटॅमॉल काही दिली नाही. तेव्हाच म्हटलं, प्रकरण मोठं आहे! निघाला हेपटायटिस सी.

*

मेधानं माझी ताट-वाटी वेगळी काढली, खाली लाल नेलपॉलिशचा ठिपका. (लिही गं, लाजतेस काय!)

नर्स म्हणाली, "हा ताटातून पसरत नाही, रक्तातून पसरतो. ब्रश, रेझर, नेलकटर वेगळे ठेवा."

मेधानं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. ताटं वेगळी, आणि नेलकटर अख्ख्या घराला एकच!

त्याच दिवशी नवे नेलकटर आले, नावाच्या चिठ्ठ्या लावून. मला अक्षर येत नाही, म्हणून माझ्याला लाल दोरा. घरच्यांच्या तपासण्या स्वच्छ आल्या, आणि ताटाचा ठिपका मेधानं स्वतः पुसला.

*

लेकानं बजावलं, "आई, बैठकीत बोलू नकोस. सगळ्या यायच्या बंद होतील."

बैठक म्हणजे आम्ही सात आज्या, दर रविवारी. पुढारी जोशीबाई, पुण्याच्या रिटायर्ड शिक्षिका. उष्ट्याचा एवढा तिटकारा की पाणीसुद्धा वरून पितात! शुगर मोजायचं यंत्र त्यांचं, टोचायचं पेन त्यांचं. आणि सुई? सातही बोटांना तीच, स्पिरिटचा बोळा फिरवून. "वाया कशाला घालवायची?"

हिवाळाभर त्या रांगेत माझंही बोट होतं.

रविवारी पेन फिरायला लागलं आणि माझ्यानं राहवेना. "थांबा!" म्हटलं, आणि सगळं सांगून टाकलं. कपातला चहा कपातच निवला. एकेक जण उठून गेली.

*

मंगळवारी हाउसआर्ट्सच्या बाकावर सहा आज्या, चिवड्याच्या डब्यासकट!

रक्त काढणारी पोरगी म्हणाली, "तुम्ही सगळ्या एकाच घरातल्या?"

जोशीबाई म्हणाल्या, "एकाच सुईतल्या!"

सहाही रिपोर्ट स्वच्छ.

*

पुढची बैठक माझ्याकडे होती. चार वाजले. सव्वाचार. लेक म्हणाला, "सांगितलं होतं ना, आई." मी एक लाडू अर्धा खाऊन बशीत ठेवला.

साडेचारला बेल वाजली. जोशीबाई, मागे पाचजणी.

"बस चुकली," जोशीबाई म्हणाल्या, आणि पिशवीतून सात नवी पेनं काढली. सहांवर नावाच्या चिठ्ठ्या. सातव्याला लाल दोरा.

मग माझ्या शेजारी बसल्या, बशीतला माझा अर्धा लाडू उचलला आणि तोंडात टाकला.

"तूप कमी पडलंय."