झमकाबाईची हरकत

वाशीमच्या मिशनच्या आवारात झमकाबाईच्या रागाला सगळेच वचकून असत. मुलींच्या बोर्डिंगचा स्वयंपाक तिच्याकडे होता. वरणाला चव नाही असं एकदा एक मास्तरीण म्हणाली, तेव्हा झमकाबाईनं तिच्या हातात पळी दिली आणि सरळ अंगणात जाऊन बसली. मास्तरणीनं त्या दिवशी साऱ्या पोरींचा स्वयंपाक केला आणि पुन्हा कधी चवीचं नाव काढलं नाही.

जातीनं ती बंजारा. मोठ्या दुष्काळात पोहरादेवीकडचा तिचा तांडा उठला, माणसं वाटेवर पडत गेली आणि कोणीतरी या पोरीला मिशनच्या फाटकाशी आणून सोडलं. आईचा चेहरा तिला आठवत नव्हता. मिशननं तिचं नाव मार्था ठेवलं, पण हाक मारली की ती वळूनसुद्धा बघायची नाही, तेव्हा पुन्हा झमकाच झालं. पुढे मिशनच्या माळ्याशी लग्न झालं, मूल झालं नाही आणि मानमोडी तापाच्या साथीत नवरा गेला. उरली ती, तिची चूल आणि तिचा राग.

त्याच दुष्काळात, त्याच फाटकातून प्रेमसिंग आत आला होता. दोघं एकाच पंगतीत जेवून वाढले. प्रेमसिंग हुशार निघाला, गळ्यानं गोड निघाला, आणि प्रवचनाला उभा राहिला की आडत्यांची पोरंसुद्धा भिंतीपलीकडून ऐकत थांबायची. त्याचं एक प्रवचन तर साऱ्या वऱ्हाडातल्या मिशनांत गाजलेलं. "माझा बाप दुष्काळात मेला, माझी माय दुष्काळात मेली. या जगात मला कोणी उरलं नाही, तेव्हा देवच माझी मायबाप झाला." एवढं बोलून तो थांबायचा, आणि मिशनच्या देवळात डोळ्यांना पदर लागायचे. मिशन चालवणाऱ्या गोऱ्या साहेबांनी ही गोष्ट आपल्या मुलखात लिहून पाठवली होती. झमकाबाई कशाला रडणारी बाई नव्हे, पण या प्रवचनाला दर खेपेस रडायची. तिला वाटायचं, माझंच दुःख हा बोलून राहिला.

उपासना चालवणारे म्हातारे पाळक वारले तेव्हा त्यांच्या जागी प्रेमसिंगच येणार हे कोणी कोणाला सांगायची गरज नव्हती. पण साहेब नियमाचे पक्के. ख्रिस्ती मंडळीचा पुढारी कसा असावा हे त्यांनी काही रविवार लागोपाठ समजावून सांगितलं. त्याचं घर आल्यागेल्याला उघडं असावं. त्यानं घरच्यांची हयगय करू नये. तो तापट नसावा, गर्विष्ठ नसावा, दुतोंड्या नसावा. आणि मंडळीबाहेरच्या माणसांनीही त्याच्याविषयी चांगलंच बोलावं. नेमणुकीच्या दिवशी मी विचारीन, साहेब म्हणाले, कोणाची हरकत असेल त्यानं उभं राहून सांगावं.

त्या सुमारास प्रेमसिंगच्या गोठ्यात एक म्हातारी कामाला राहिली होती. सकरी तिचं नाव. फाटक्या घेराची बंजारी फेटिया, डोक्यावर ओढणी, बोलणं कोणाशी नाही. पोहरादेवीच्या जत्रेतून आलेली निराधार बाई, दया येऊन ठेवून घेतली, असं प्रेमसिंगच्या बायकोनं सगळ्यांना सांगितलं होतं. लोक म्हणाले, बघा, पाळक असावा तर असा.

एका सकाळी झमकाबाई बोर्डिंगसाठी दूध आणायला गोठ्यात गेली. प्रेमसिंग कोट घालून फाटकाबाहेर पडत होता. म्हातारी गाईच्या पाठीवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती आणि आपल्याशीच पुटपुटत होती, "मार छोरा. मार छोरा."

तांड्याची बोली झमकाबाई विसरली होती. पण हे दोन शब्द कुठूनतरी खोलातून वर आले. माझा लेक.

तिनं दुधाचं भांडं खाली ठेवलं. "कोन तुहा छोरा?"

म्हातारी दचकली. आधी नाही नाही म्हणाली. पण छोरा म्हणणारी ही तांड्याचीच बाई दिसली, म्हणून तिच्यानं राहवलं नाही. दुष्काळात पोर जगावं म्हणून तिनंच त्याला मिशनच्या फाटकाशी बसवलं होतं. आता येते म्हणून सांगितलं आणि खडी फोडायच्या कामावर गेली ती पार मुलखाबाहेर. परतली तेव्हा ओळख देणारं कोणी उरलं नव्हतं, आणि सोडलेली पोरं जगली नाहीत असं फाटकावर कोणीतरी सांगितलं. यंदाच्या जत्रेत कोणीतरी उभं राहून प्रवचन देत होतं म्हणून ती ऐकायला थांबली. बोलणाऱ्याचा चेहरा थेट तिच्या नवऱ्याचा. नाव विचारलं तर प्रेमसिंग.

"मंग त्यानं ओयखलं नाई तुले?"

"ओळखलं," म्हातारी म्हणाली. "खूप रडला. मग म्हणाला, इथं राह्य, पण कोणाले सांगू नको. तूही सांगू नको बाई."

झमकाबाई भांडं तिथंच सोडून निघाली. त्या दिवशी बोर्डिंगच्या पोरींना दूध मिळालं नाही.

ती थेट प्रेमसिंगच्या वाटेवर जाऊन उभी राहिली. तो तिच्या चेहऱ्यावरूनच समजला. बाजूला नेऊन हळू आवाजात म्हणाला, "झमका, समजून घे. माह्यासाठी नाई, कामासाठी. लोकायचा इश्वास त्या गोष्टीवर बसला हाये. आता माय जिती हाये म्हणून सांगतलं तर मी लबाड ठरतो. मले तवा खरंच वाटे का ती मेली. आता काय करू? तिले दोन टाइम भाकर देतो ना मी."

"गाईलेही देतोस," झमकाबाई म्हणाली.

"तू असं बोलू नको."

"मले माय नाई, प्रेमसिंग. तोंडही आठवत नाई तिचं. देवानं तुले तुही परत आणून देली, अन् तू तिले शेणात बसवली. ते पाळकाचं आसन अन् तो गोठा, दोन्ही एकदम तुले भेटनार नाई. रविवारच्या आत सांग सगळ्यायले. नाई तर मी सांगतो."

त्यानं सांगितलं नाही. बहुधा त्याला वाटलं असावं, की देवळात बाई उठायची नाही.

नेमणुकीच्या रविवारी देऊळ भरलं होतं. मालेगाव आणि रिसोडकडूनही बैलगाड्या आल्या होत्या. कोणाची हरकत आहे काय, असं साहेबांनी विचारलं आणि रिवाजाप्रमाणे पुढचा कागद हातात घेतला. झमकाबाई उभी राहिली.

"माही हरकत हाये. घर उघडं असावं म्हणता ना तुमी? याच्या घरात याची माय गोठ्यात राहून राह्यली. हा तिले चाकरीन म्हणतो, अन् अठी उभा राहून मेली म्हणतो."

देवळात गलका झाला. साहेब पांढरे पडले. प्रेमसिंग मान खाली घालून बसला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. शेवटी साहेबांनी म्हातारीला बोलावून आणायला सांगितलं. ती आली. एवढी माणसं, गोरा साहेब, आणि समोर काळ्या कोटातला लेक. साहेबांनी हळुवारपणे विचारलं, "बाई, हा तुमचा मुलगा आहे काय?"

सकरीनं प्रेमसिंगकडे पाहिलंसुद्धा नाही. "नाई साहेब," ती म्हणाली. "मी चाकरीन हाये. माहा छोरा दुष्काळात मेला."

झमकाबाईच्या कानात नुसता गोंगाट उरला. कोणीतरी तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. प्रेमसिंगची नेमणूक त्याच दुपारी झाली आणि त्यानं प्रार्थनाही केली.

खोटी साक्ष आणि देवळात दंगा, एवढ्यावर झमकाबाईची चूल गेली आणि आवारातली खोलीही गेली. मडमसाहेब म्हणाल्या, माफी मागितलीस तर राहू देऊ. झमकाबाईनं पेटी डोक्यावर घेतली आणि फाटकाबाहेर पडली. आवाराच्या मागच्या गल्लीत रहमतबी पिंजारीण राहायची. गाद्या-रजयांचं तिचं काम, नवरा वारलेला. तिनं विचारलंसुद्धा नाही. "खोली खाली है," एवढंच म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी झमकाबाईच्या हातात सुई दिली.

म्हातारीचं आवारात राहणं आता प्रेमसिंगला अवघड झालं होतं. त्यानं तिला एका गाडीत बसवून मानोऱ्याकडच्या तांड्यावर पाठवून दिलं. तिथं तिचं कोणी नव्हतं. पाऊस सरता सरता ती पायीच परत आली, पण लेकाच्या दारी गेली नाही. रहमतबीच्या ओट्यावर येऊन बसली.

झमकाबाई बाहेर आली आणि तिला पाहून तिचं रक्तच तापलं. "आता काहून आली? चार लोकायत मले खोटी पाडली. माही चूल गेली, घर गेलं. जाय तुह्या पाळकाकडं."

"त्याची जागा गेली असती," म्हातारी म्हणाली. "एकदा त्याले फाटकाशी सोडलं मी. दुसऱ्यांदा कशी सोडू?"

झमकाबाईला याचाच जास्त राग आला. तणतणत आत गेली, भाकर आणि ठेचा आणून तिच्यापुढे आदळला. "खाय."

म्हातारी तिथंच राहिली. दर रविवारी ती उठून कुठंतरी जायची. एकदा झमकाबाई मागोमाग गेली. मिशनच्या भिंतीला लागून, देवळाच्या खिडकीखाली सकरी बसली होती. आत प्रेमसिंगचा आवाज चढत होता. माझी माय दुष्काळात मेली. आणि भिंतीबाहेर ती म्हातारी मान हलवत होती. लेक किती छान बोलतो, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं.

झमकाबाईला ते पाहवलं नाही. ती घरी आली आणि एक आख्खी गादी उसवून टाकली. रहमतबीनं कापूस गोळा करून पुन्हा पिंजायला घेतला.

उन्हाळ्यात म्हातारीला ताप भरला आणि ती उठली नाही. शेवटपर्यंत तिनं लेकाला बोलवा म्हटलं नाही. ती गेली तेव्हा रहमतबीनं जवळच्या तांड्यावर निरोप धाडला. आपली माणूस आपल्या रीतीनं जावी, म्हणून तांड्याचा मुखिया हेमला नाईक चार माणसं घेऊन आला. तिरडी बांधून झाली आणि गल्लीच्या तोंडाशी प्रेमसिंग दिसला. पाळकाचा कोट, हातात टोपी, चेहरा राखेसारखा.

"मले खांदा देऊ द्या," तो म्हणाला.

हेमला नाईकानं त्याला वरखाली न्याहाळलं. "तू कोन?"

प्रेमसिंगनं झमकाबाईकडे पाहिलं. तिनं सांगावं, अशी त्याची नजर होती.

"माह्याकडं काय पायतो?" झमकाबाई म्हणाली. "एकदा मी सांगतलं तर खोटी ठरली. तूच सांग."

"लेक आहो," तो म्हणाला. गल्लीतल्या निम्म्यांना ते ऐकू गेलं नाही.

"मोठ्यानं सांग. तिनं सारी जिंदगी तुले ऐकलं."

"मी हिचा लेक आहो," प्रेमसिंग ओरडला, आणि तिथंच खाली बसला. तांड्याच्या माणसांनी त्याला उठवलं आणि पुढचा दांडा त्याच्या खांद्यावर ठेवला.

पुढच्या रविवारी त्यानं देवळात सारं कबूल केलं आणि कोट उतरवून ठेवला. साहेबांनी त्याला रिसोडकडे एका शाळेवर पाठवलं. त्याच्या जागी आलेला पाळक सज्जन होता, पण प्रवचनात लोक पेंगायचे, आणि बरेचजण त्याचा बोल झमकाबाईलाच लावायचे. साहेब स्वतः रहमतबीच्या ओट्यावर आले. "तुझं म्हणणं खरं होतं," ते म्हणाले. "पण तुझ्या बोलण्यात राग फार होता, बाई."

"राग नसता तर मी उठलीच नसती, साहेब. अन् तुमी आमाले कसं राहावं ते शिकवलं, पन गोठ्यात जाऊन पायलं नाई."

साहेबांनी मान हलवली. बोर्डिंगची चूल परत देऊ केली, ती तिनं घेतली नाही. देवळात मात्र जात राहिली.

काही वर्षांनी प्रेमसिंग रिसोडहून आला. केस पिकले होते, कपडे साध्या मास्तराचे. ओट्याच्या कडेला बसला. त्यानं विचारलं, "झमका, मी प्रवचन करत असताना माय तिथं भिंतीपाशी बसे म्हणतात. काय म्हणे ती?"

झमकाबाई रजई शिवत होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. तिला सांगता आलं असतं, तुझी तारीफ करे म्हणून. ते खरंही होतं. पण एवढ्या लवकर त्याला बरं वाटावं, असं तिला वाटलं नाही.

"तू तिले मेली म्हने," ती म्हणाली, "अन् ती ऐके."

तो रडू लागला. झमकाबाईनं आतून तांब्याभर पाणी आणून त्याच्यापुढे ठेवलं आणि पुन्हा रजई मांडीवर ओढली. तो बसला होता तोवर ती टाके घालत राहिली. उठ म्हणून मात्र म्हणाली नाही.